दस्तुरीच्या आत राहणारे आम्ही

नमस्कार मंडळी. मी माथेरानची. म्हणजे माहेर माझं बदलापूरचं, पण लग्न होऊन वर आले त्याला आता तीस वर्षं होतील. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला घर आहे, त्यातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो आणि जेवणखाण मी बघते. रोज नवीन माणसं घरात येतात, ती विचारतात आणि मी सांगते, आणि तेच आज तुम्हाला सांगायचंय.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, काकू, तुम्ही इथे कायमच्या राहता? हो बाबा, राहतो आम्ही. साडेचार हजारांच्या आसपास माणसं आहोत. 1905 पासून नगरपरिषद आहे आमची. मॅलेट नावाच्या ठाण्याच्या कलेक्टरनं 1850 साली माथेरान शोधलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण डोंगराच्या पोटात ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, त्या बायका आजही डोक्यावर पाटी घेऊन पायवाटेनं वर येतात, करवंदं जांभळं विकतात, हॉटेलांत कामं करतात, त्यांच्यासाठी हा डोंगर कधी हरवलेलाच नव्हता. आणि वीर भाई कोटवाल, बेचाळीसच्या लढ्यात सिद्धगडावर ज्यांनी प्राण दिला, ते 1912 साली माथेरानातच जन्मले. तर गाव आहे हे, पॉइंट नंतर.

ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते, तुमची गाडी दस्तुरी नाक्याला थांबते. तिथून पुढे मोटारगाडी नाही, मोटारसायकल नाही, सायकलसुद्धा नाही. अॅम्ब्युलन्स आणि अग्निशमनची गाडी तेवढी आत येते. बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर आहे, ते तुम्ही चालत या, घोड्यावर या, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून छोट्या ट्रेनची शटल पकडा. तुम्हाला एक दिवस चालायला मजा वाटते, वाटायलाच पाहिजे, हवा चांगली, झाडं, माकडं, लाल माती. पण तेच अंतर आमची पोरं कॉलेजला नेरळ-कर्जतला जाताना रोज दोनदा कापतात, आणि जुलैत माथेरानला पाऊस कसा पडतो ते ऐकून नाही कळायचं.

माझ्या सासूबाई अशाच एका जुलैत रात्री न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा अॅम्ब्युलन्स काही मिळाली नाही, मग आमच्या शेजारचे काका, हातरिक्षा ओढायचे, ते उठून आले, सोबत त्यांचा मुलगा आणि माझे मिस्टर. एक पुढे दांडा धरून आणि दोघं मागून, चढाला ढकलायला आणि उताराला धरून ठेवायला, कारण उताराला ती रिक्षा पुढच्या माणसाच्या अंगावर येते. मी बॅटरी घेऊन पुढे चालत होते. सासूबाई वेदनेनं कण्हत होत्या आणि काकांना दम लागलेला मला पावसाच्या आवाजातही ऐकू येत होता. दस्तुरीला पोचायला तासाच्या वर लागला. मी पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला. नको ताई, म्हणाले, माझी पण आईच आहे ती. त्या माणसाचे गुडघे नंतर दोन-तीन वर्षांतच गेले, आता जिना चढता येत नाही त्यांना.

म्हणून ई-रिक्षाचा विषय निघाला की मला स्वस्थ बसवत नाही. काही लोक म्हणतात, आणि चांगली माणसं आहेत ती, मुंबई-पुण्याहून वर्षानुवर्षं येणारी, की ई-रिक्षा आली म्हणजे माथेरानचं माथेरानपण गेलं. मला त्यांना विचारायचंय, माणसानं माणसाला ओढणं हे माथेरानपणात कधीपासून धरायला लागलो आपण? डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनं मोजक्या ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या आजी कित्येक दिवसांनी एकट्या दस्तुरीपर्यंत जाऊन आल्या आणि घरोघर सांगत फिरल्या. शाळेची पोरं कोरड्या कपड्यांनी वर्गात पोचली. चाचणी थांबली तेव्हा सगळ्यात जास्त हळहळल्या त्या आमच्या इथल्या बायका. पुढे 6 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं सरळ सांगितलं की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, आणि गुजरातमध्ये केवडियाला जशा ई-रिक्षा चालवायला देतात तशी योजना इथे करा. परवानाधारक हातरिक्षावाले आहेत चौऱ्याण्णव. माझं म्हणणं एवढंच की पहिली रिक्षा आणि शेवटची रिक्षा याच चौऱ्याण्णव घरांत गेली पाहिजे. ज्याच्याकडे आधीच हॉटेल आहे, पैसा आहे, त्यानं कुणाच्या तरी नावावर रिक्षा घेऊन मूळ माणसाला रोजावर ठेवायचं, असं झालं तर मग दांडा हातातून सुटला तरी ओझं तसंच राहिलं ना. आणि ज्यांचे गुडघे गेलेत, जे स्वतः चालवू शकत नाहीत, त्यांच्या मुलाला नाहीतर सुनेला मिळू दे. बायका का नाही चालवणार? केवडियाला आदिवासी बायकाच चालवतात.

आता घोडेवाल्यांचं. यावर बोललं की गावात दोन तट पडतात हे मला माहितीये, पण रेडिओवर यायचं आणि अवघड विषय टाळायचा असं मला नाही जमणार. दस्तुरीला गाडीतून उतरलं की काही जण अंगावर येतात, ट्रेन बंद आहे, रिक्षा नाही, चालत जाता येणार नाही, रस्ता लांब आहे, घोडाच करा. गेल्या मे महिन्यात नाशिकचं एक कुटुंब माझ्याकडे आलं, चार घोडे करून, आणि जेवताना खिडकीतून शटलची शिट्टी ऐकली. त्या माणसानं माझ्याकडे बघितलं, मी काय उत्तर देणार होते? लाज वाटली मला. मार्च 2025 मध्ये याच फसवणुकीवरून गावानं बंद पाळला होता, दुकानं हॉटेलं सगळं बंद. पण मंडळी, एक नीट लक्षात घ्या, जो खोटं बोलतो तो बऱ्याचदा घोड्याचा मालक नसतोच, मधला एजंट असतो. परवान्याचे घोडे चारशेच्या वर आहेत, एकेका घोड्यावर एकेक घर आहे, आणि पावसाळ्यात धंदा नसताना घोड्याला चारा, नाल, औषधं सगळं चालूच असतं. घोडेवाल्याचं पोट मारून कुणाचं भलं व्हायचं नाही. त्यांचे दर मोठ्या अक्षरात दस्तुरीलाच लावा, शटलची वेळ लावा, चालत किती मिनिटं लागतात ते पण लिहा. ज्याला घोड्यावर बसायचंय तो बसणारच आहे, लहान मुलं तर घोड्यासाठीच हट्ट करतात.

रस्त्यावर बसवायच्या पेव्हर ब्लॉकचं भांडण तर कितीतरी वर्षं चाललंय. घोडेवाले म्हणतात घोडा घसरतो, आणि ते खरंय, ओल्या ब्लॉकवर नालेचा पाय सरकताना मी डोळ्यांनी बघितलाय. रिक्षा चालवणारे म्हणतात मातीवर चाक फिरत नाही, ते पण खरंय. आणि आम्ही घरात राहणारे म्हणतो की उन्हाळ्यात तीच लाल माती घोड्याच्या लिदीबरोबर वाळून उडते, भांड्यांवर बसते, पोरांच्या छातीत जाते. पावसात माती वाहून गेली की झाडांची मुळं उघडी पडतात आणि मग वाऱ्याला झाड येतं खाली. कोर्टानं यावर जो मधला मार्ग दिलाय, म्हणजे दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मुख्य रस्त्याला ब्लॉक आणि आतल्या वाटांना अजिबात नाही, तो मला मनापासून पटतो. पॅनोरमा, शार्लोट लेक, वन ट्री हिलकडे जाणाऱ्या वाटा मातीच्याच राहू देत. 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे निसर्ग जपायला बांधकामावर बंधनं असलेला भाग, आहे इथे आणि तो आहे म्हणूनच ही झाडं उभी आहेत, नाहीतर आजूबाजूच्या डोंगरांना काय झालंय ते नेरळहून वर येताना दिसतंच की.

महागाईबद्दल पाहुणे तक्रार करतात. पाण्याची बाटली महाग, थाळी महाग. दादा, गॅसचं सिलिंडर, पिठाची गोणी, विटा, वाळू, सगळं घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर येतं. एवढा पाऊस पडूनही शार्लोट लेक सगळ्यांना पुरत नाही, म्हणून उल्हास नदीचं पाणी नेरळहून पंपानं चढवावं लागतं. म्हणून सांगते, नळ चालू ठेवून दात घासू नका आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या परत खाली घेऊन जा, कारण तुम्ही कड्यावरून फेकलेली बाटली उचलायला दोरी लावून उतरावं लागतं माणसाला.

आणि आमची ट्रेन. 1907 ची. आदमजी पीरभॉय कुटुंबानं स्वतःच्या पैशानं बांधलेली, दोन रुळांत दोनच फुटांचं अंतर असलेली लाइन, एकवीस किलोमीटर. 2005 च्या जुलैच्या पावसात वाहून गेली, दोन वर्षं बंद. 2019 ला परत तेच, ती नेरळपासून पूर्ण सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडलं. ती तीन वर्षं आम्ही कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत, मधला काही काळ तर कोरोना पण होता. रेल्वेवाल्यांना माझी एकच विनंती आहे, शटलच्या फेऱ्या वाढवा आणि गावच्या लोकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी डब्यात थोडी जागा राखून ठेवा. शनिवार-रविवारी पर्यटकांची एवढी गर्दी असते की दवाखान्यात निघालेली आमची म्हातारी माणसं प्लॅटफॉर्मवरच राहतात.

पावसाळ्यात नेरळ ते माथेरान गाडी बंद असते, पण अमन लॉजहून शटल चालू असते, तेव्हा दस्तुरीला उतरलात की कुणी काहीही सांगो, आधी सरळ पाच मिनिटं चालत स्टेशनवर जा आणि खिडकीवर स्वतः विचारा. तिकीट नाही मिळालं तर रुळांच्या बाजूबाजूनं चालत या. चाळीस-पन्नास मिनिटं लागतात, वाटेत सावली आहे.