वेश, भूमिका आणि कातडीचा रंग

श्रोतेहो, नमस्कार. जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडच्या ॲनिमेशन मालिका, पाहणारा तरुण वर्ग आता बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागातही आहे. मालिका तो हिंदी डबिंगमध्ये किंवा इंग्रजी सबटायटल्ससह पाहतो आणि तिच्यावरून भांडतो मात्र मराठी, कन्नड, हिंदी अशा तिन्ही भाषांची सरमिसळ करून. या भांडणांत दोन वाद सतत डोके वर काढतात. मूळ मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, पडद्यावर वाटोळे झाले का, हा पहिला. आणि गोऱ्या दिसणाऱ्या पात्राचा कॉसप्ले, म्हणजे हौसेने त्याचा वेश, सावळ्या किंवा काळ्या माणसाने करावा का, हा दुसरा. दोन्हीकडे मूळाशी इमान राखण्याची हाक दिली जाते. माझ्या मते पहिल्या वादात ती विचारात घेण्याजोगी आहे, दुसऱ्यात अगदीच अस्थानी आहे.

'फुलमेटल अल्केमिस्ट' या कथेचे उदाहरण घेऊ. हिरोमु अराकावा यांची चित्रकथा २००१ साली सुरू झाली आणि २०१० मध्ये संपली. पण तिच्यावरची पहिली मालिका २००३ सालीच आली. मूळ कथाच अपुरी असल्यामुळे त्या मालिकेने अर्ध्या वाटेवरून स्वतःचा रस्ता धरला आणि ५१ भागांत वेगळा शेवट गाठला. पुढे २००९ मध्ये त्याच बोन्स स्टुडिओने मूळाला धरून ६४ भागांची दुसरी मालिका केली. चाहते अजूनही या दोहोंची तुलना करताना हमरीतुमरीवर येतात, आणि मला तर पहिलीतला उदासपणा अधिक भावतो. याउलट 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'च्या २०२१ मधल्या दुसऱ्या पर्वाने मूळ कथेतले मोठे प्रकरण वगळले आणि शेवटच्या घडामोडी धावत्या चित्रांत उरकल्या. त्याबद्दलची नाराजी रास्तच होती. म्हणजे मूळ सोडले का, यापेक्षा ते कशासाठी सोडले आणि त्या जागी काय उभे केले, हे विचारायला हवे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली कालिदासाचे शाकुंतल पदांनी भरून मराठी रंगभूमीवर आणले, त्याची पारख आपण याच कसोटीवर करतो.

दुसऱ्या वादात मात्र दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. २०१७ च्या 'घोस्ट इन द शेल' या हॉलिवूड चित्रपटात मुख्य भूमिका गोऱ्या अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सन यांना दिली गेली, तेव्हा झालेला आक्षेप रोजगाराशी जोडलेला होता: आशियाई वंशाच्या कलावंतांना तिथे आधीच मोजक्या मोठ्या भूमिका मिळतात, आणि मूळ जपानी कथेतलीही त्यांच्या हाती लागली नाही. हौसेने वेश करणारी मुलगी कुणाच्या तोंडचा घास काढत नाही. तरीही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चाहत्यांना अशा वेशांवरून इतक्या शिव्या खाव्या लागल्या, की २०१५ पासून फेब्रुवारी महिनाभर स्वतःची छायाचित्रे प्रसिद्ध करण्याचा उपक्रम त्यांना सुरू करावा लागला.

आपल्याकडे हीच हेटाळणी लग्नाच्या बाजारातल्या गोऱ्या रंगाच्या वेडातून येते, आणि 'तू कुठे तिच्यासारखी दिसतेस' अशा थट्टेच्या सुरात ती सहज खपून जाते. वास्तविक 'सेलर मून' या जपानी कथेच्या नायिकेचे, उसागीचे, केस पिवळेधमक आहेत. तसे केस जपानी मुलींनाही जन्मतः नसतात, त्याही टोपच लावतात. मग केसांना दिलेली सूट कातडीलाच का नाकारायची? शिवजयंतीच्या चित्ररथांवर मावळ्याच्या वेशात उभा राहिलेला पोरगा गोरा की काळा, हे बेळगावात कुणी पाहत नाही. फेटा नीट बांधला आहे ना, एवढेच पाहतात.

एका बाबतीत मात्र मी चाहत्यांना अडवीन. 'फुलमेटल अल्केमिस्ट'मध्येच स्कार नावाचा सावळ्या इश्वाली जमातीतला माणूस आहे, आणि त्याचा वेश करताना काही उजळ कातडीचे चाहते अंगाला गडद रंग फासतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी रंगमंचावर गोरे नट तोंड काळे करून कृष्णवर्णीयांची टिंगल करीत, आणि ती जखम तिथे अजून भरलेली नाही. आपल्याकडे रामाचा नट निळा रंग लावतो त्यामागे तसा इतिहास नाही, हे खरे. पण छायाचित्र एकदा जगासमोर गेले, की ते पाहणाऱ्याला आपला संदर्भ ठाऊक नसतो. स्कार ओळखू यायला त्याचे पांढरे केस, कपाळावरचा व्रण आणि उजव्या हातावरचे गोंदण पुरेसे आहे.