६४ कोर मागितले म्हणून
इंदूरचं व्याख्यान म्हटलं की अहिल्याबाईंपासून सुरुवात करायची पद्धत आहे, पण समोर पीएचडीवाली मुलं बरीच दिसतायत तर आज डायरेक्ट जॉब स्क्रिप्टवरच येतो, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक क्लस्टरवर काम पाठवताना लिहायची ती फाइल.

स्लर्म म्हणजे क्लस्टरवर कोणाला किती कोर कधी द्यायचे ते ठरवणारा शेड्युलर. त्यात कोर मागायचे दोन रस्ते, एनटास्क्स आणि सीपीयूज-पर-टास्क, आणि निम्मी गडबड इथेच होते. टास्क म्हणजे स्वतंत्र प्रोसेस, ती एमपीआयवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या अनेक प्रोसेस एकमेकींना निरोप पाठवत काम वाटून घेतात. तुमचा प्रोग्राम एकच प्रोसेस असून आत थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, काढत असेल, ओपनएमपी, नमपाय वगैरे, तर टास्क १ आणि सीपीयूज-पर-टास्क १६. उलटं लिहून १६ टास्क मागितले तर स्लर्म ते दोन-तीन नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या वेगवेगळ्या मशीनवर, पसरून पण देऊ शकतो, थ्रेड काही नोड ओलांडून जात नाहीत, मग बाकीच्या नोडवरचे कोर नुसते अडवून ठेवलेले.

बरं, मिळाले, पण प्रोग्रामला कोण सांगणार? पायथनमधे ओएस डॉट सीपीयू-काउंट विचारलं तर ते अख्ख्या नोडचे कोर मोजून सांगतं, तुम्हाला किती दिलेत ते नाही. ६४ कोरच्या नोडवर ४ मागितले तरी प्रोग्राम ६४ थ्रेड काढतो, सीग्रुप, म्हणजे लिनक्समधली मर्यादा घालणारी सोय, त्यांना चारच कोरांत कोंबतो, मग सगळे एकमेकांच्या अंगावर आणि काम आधीपेक्षा स्लो. म्हणून ओएमपी-नम-थ्रेड्समधे, म्हणजे थ्रेड किती काढायचे ते सांगणाऱ्या सेटिंगमधे, मिळालेल्या कोरांचा आकडा असलेलं स्लर्मचंच व्हेरिएबल टाका, आकडा हाताने नका लिहू. हो, आणि स्लर्मच्या २२.०५ व्हर्जनपासून एसरन (स्क्रिप्टच्या आत प्रोग्राम सुरू करणारी कमांड) सीपीयूज-पर-टास्क एसबॅचकडून (स्क्रिप्ट पाठवणारी कमांड) आपोआप उचलत नाही, वेगळं द्यावं लागतं, जुन्या स्क्रिप्ट तिथे चुपचाप एका कोरवर बसतात.

आता हाव. जीन ऍमडालने १९६७ मधेच हिशेब मांडलाय: ५ टक्के काम एकामागून एकच होणारं असेल तर १६ कोरांवर साधारण ९ पट स्पीड, ६४ वर १५ पट, आणि पुढे कितीही ओता, २० पटीच्या वर जाणारच नाही. कोर चौपट, फायदा दुप्पटही नाही, आणि फेअरशेअरमधे, म्हणजे कोणी किती घेतलं त्याच्या हिशेबात, ६४ च्या ६४ तुमच्या नावावर, वापरा नाहीतर नका वापरू, पुढचा जॉब मग क्यूत मागे. मेमरी जास्त हवी म्हणून कोर वाढवणारे पण आहेत, अरे बाबांनो, मेमरी वेगळी मागता येते.

छोट्या जॉबला बॅकफिलचा, म्हणजे मधल्या रिकाम्या जागेत घुसायचा, फायदा असतो. पंगतीत बारा जणांचं कुटुंब सलग पाटांसाठी थांबलंय, तोवर दोघांना जेवून उठवता येतं, पण ते कधी उठणार हे आधी माहीत असेल तरच. आणि तुम्ही ३ तासांच्या कामाला वॉलटाइम, म्हणजे जास्तीत जास्त लागणारा वेळ, ५ दिवस लिहिता! शेड्युलरला तेच खरं वाटतं. थोडी मार्जिन ठेवा मात्र, वेळ संपली की जॉब मारला जातो.

जॉब संपल्यावर सेफ (seff) कमांड चालवून एफिशिअन्सी, म्हणजे मागितलेल्यातले किती कोर खरंच राबले ते, बघा. ६४ मागून दीड टक्का दिसला तर समजा एकच कोर राबला, ६३ बसून होते. पुढच्या वेळी १ मागा, बहुतेक लवकर मिळेल पण.