सिग्नलच्या पेटीत पाणी शिरतं कुठून?

नमस्कार मंडळी! माझ्या हातात आहे तो सिग्नलचा एलईडी दिवा. १०-१५ वॉटचा. आधी याच जागी तारेचा बल्ब असायचा, तो शंभर वॉटच्या आसपास किंवा वरच. एवढी वीज वाचतेय म्हटल्यावर कोण नको म्हणेल? पण जुना बल्ब जी वीज 'वाया' घालवायचा ना, तिची उष्णता व्हायची आणि काचेवरचा बर्फ वितळायचा. एलईडीची काच थंडच राहते.

२००९ साली अमेरिकेतल्या बर्फाळ राज्यांत वाऱ्याने बर्फ दिव्यांवर असा थापला, की लाल कुठला, हिरवा कुठला कळेना. अपघात झाले, इलिनॉयमध्ये एक जीवही गेला. मग माणसं शिडीवर चढून ब्रशने बर्फ काढू लागली. वीज वाचली, हातात झाडू आला! आता काही ठिकाणी गरम होणारी काच बसवतात, नाहीतर दिव्यावरच्या टोपीचा आकारच असा करतात की वारा बर्फ झाडून टाकतो.

उन्हाचं उलटं. तिथे दिव्याआधी चौकातली कंट्रोलरची, म्हणजे दिवे चालवणाऱ्या यंत्राची, पेटी तापते. वीज गेल्यावर सिग्नल चालू ठेवणारी लेड-ॲसिड बॅटरी त्यातच असेल, तर तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पेटीला पंखा असतो, मान्य. पण जाळी धुळीने बुजली असेल तर तो पंखा फक्त आपल्या समाधानासाठी फिरतोय.

आता पाऊस. सगळे दाराची रबरी पट्टी तपासतात, वरून गळतंय का बघतात. पाणी येतं खालून! केबलचे पाइप जमिनीखालच्या चेंबरमधून थेट पेटीत उघडतात. चेंबर तुंबला की त्याची ओल पाइपातून वर चढते, रात्री पेटी गार झाली की आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डांवर दव धरतं. केबल टाकून झाल्यावर पाइपाचं तोंड नीट बुजवायचं, एवढंच काम. आणि नेमकं तेच राहतं.

अशा ओलीने शॉर्ट होऊन एकमेकांना आडव्या जाणाऱ्या दोन रस्त्यांना एकाच वेळी हिरवे दिवे लागले तर? त्यासाठी आत एक राखणदार असतो, कॉन्फ्लिक्ट मॉनिटर. तो अर्ध्या सेकंदाच्या आत चूक पकडतो आणि सगळे दिवे लुकलुकते करून टाकतो. त्यामुळे पावसानंतर सिग्नल नुसताच लुकलुकत असेल तर लगेच शिव्या घालू नका, कदाचित त्याने आत्ताच कुणाला तरी वाचवलंय. मात्र या राखणदाराचीही चाचणी ठरावीक काळाने घ्यावी लागते.

आकाशातून पडणाऱ्या विजेचं थोडक्यात सांगतो. अर्थिंग मोजायचं ते जमीन कोरडी असताना. ओल्या मातीत आकडा फसवा, आहे त्यापेक्षा चांगला येतो. विजेचा झटका स्वतःवर घेणाऱ्या सर्ज अरेस्टरवर बहुतेक वेळा छोटी खिडकी असते. हिरवी दिसली तर ठीक, लाल झाली की बदला.

आणि हो, एक राहिलंच. ही केबल बघा. सरळ खांबाच्या भोकात घातली, वरून पाणी ओततो... गेलं आत. आता भोकाच्या आधी तिला खाली असा झोल देतो. पुन्हा ओततो. बघा, थेंब कुठून गळतोय ते.