ओहोटीच्या खडकावर कोण कुठे राहतं?

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्याहून द्वारकेला गेलं की द्वारकाधीशाचं दर्शन होतं, गोमतीघाट होतो, आणि संध्याकाळी बहुतेकांची पावलं भडकेश्वर महादेवाकडे वळतात. हे देऊळ समुद्रात शिरलेल्या खडकावर उभं आहे. ओहोटी असेल तेव्हा तिथल्या खडकाकडे जरा वाकून पाहा. वर काळसर कोरडी कातळपट्टी, तिच्याखाली पांढरट खरखरीत पट्टा, त्याखाली हिरवं शेवाळ, आणि पाण्यालगत तपकिरी झुडपांसारखं दाट सागरी शेवाळ. जिथे भरतीचं पाणी जितका वेळ पोचतं तिथे तसे जीव राहतात, असं वाटतं. ते अर्धंच खरं आहे.

आपल्याला जवळचं ते खंभातचं आखात. तिथे मही, ढाढर, नर्मदा यांचा गाळ. चिखलावर कुणाला चिकटून बसता येत नाही. म्हणून खडकावरची वस्ती पाहायची तर सौराष्ट्राचाच किनारा गाठावा लागतो. त्यातलं ओखामंडळ तर एके काळी गायकवाडी मुलूख होतं. तिथल्या सागरी जीवांवर जेम्स हॉर्नेल यांनी बडोदे सरकारला दिलेला अहवाल १९०९ आणि १९१६ अशा दोन भागांत छापून निघाला. बडोदेकरांचं या खडकांशी नातं इतकं जुनं आहे.

तो पांढरा खरखरीत पट्टा बार्नॅकलचा. अनवाणी पाय पडला तर तळवा सोलून निघतो. प्रत्येक बार्नॅकल म्हणजे चुन्याचा छोटा सुळका, वर झाकण. कुणी त्याला शिंपला समजतं, पण आतला प्राणी खेकडा-कोळंबीच्या गोतातला आहे. पिल्लू असताना तो पोहतो, मग जागा निवडून डोक्याच्या बाजूने कायमचा चिकटतो आणि पुढे जन्मभर पाय पंख्यासारखे हलवून पाण्यातलं अन्न गाळतो. एकदा बसला की हलता येत नाही. त्यामुळे खडकावर भांडण होतं ते बहुधा जागेसाठी.

हे भांडण परिसरशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर मोजून दाखवलं. तो अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दोन जातींचे बार्नॅकल आहेत. लहान जात वर राहते, मोठी जात खाली. पण लहान जातीची पिल्लं खालीही चिकटत होती, मोठी मात्र होत नव्हती. कॉनेलनी खालच्या काही जागांवर लहान जातीच्या आजूबाजूची मोठी जात खरवडून काढली, काही जागा तशाच ठेवल्या. खरवडलेल्या जागी लहान जात छान जगली. म्हणजे पाणी तिला मानवत होतं, शेजारी मानवत नव्हता. मोठी जात झपाट्याने वाढते. ती लहानीवर चढते, तिच्या खालून कवच घालून तिला खडकावरून उचकटते, नाहीतर बाजूने दाबून चिरडते. त्यातूनही जी वाचली ती आकाराने लहान राहिली आणि तिला पिल्लंही कमी झाली. मोठ्या जातीला वर मात्र ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. तेव्हा वरची हद्द बहुधा उन्हाने आखलेली असते आणि खालची शेजाऱ्याने किंवा भक्षकाने. हा ठोकताळा आहे, अपवादही भरपूर आहेत. पण द्वारकेच्या खडकापुढे उभं राहून आधी हाच प्रश्न विचारावा.

भक्षकाचं काम रॉबर्ट पेन यांनी दाखवलं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मकाह उपसागराच्या काठी एक तारामासा आहे. १९६३ पासून पेन खडकाच्या एका पट्ट्यातून हे तारामासे उचलून दूर टाकत राहिले. आधी बार्नॅकल पसरले, मग काळे लांबट शिंपले, म्हणजे आपल्या कोकणातल्या शिणाण्यांचे भाऊबंद, खालपर्यंत उतरले आणि जागा व्यापत गेले. तिथल्या १५ जातींच्या ८ उरल्या. शिंपला हा तारामाशाचं आवडतं खाणं आणि जागेच्या भांडणातला जिंकणाराही. जिंकणाऱ्यालाच कुणी खात राहिलं की बाकीच्यांना जागा मिळते. शेवाळ आणि लिंपेट, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायी, यांना शिंपल्यांनी रेटलं. शेवाळ तर तारामासा खातच नाही, लिंपेट अधूनमधून खातो, तरी तारामासा गेल्यावर तेही गेले.

ही गोष्ट फार गाजली आणि लोक सरसकट कुठेही लावू लागले. ते चूक आहे. पनामाच्या उष्ण किनाऱ्यावर ब्रूस मेंज आणि जेन लुबचेन्को यांच्या गटाने मासे, खेकडे, गोगलगायी असे खाणारे वेगवेगळे गट हटवून पाहिले, तेव्हा तिथे भार अनेकांनी मिळून वाहिलेला निघाला. एकच राजा नव्हता. सौराष्ट्रही उष्ण आहे. म्हणून इथे एखादा प्राणी पाहून हाच इथला कळीचा, असं मोजल्याशिवाय म्हणू नये.

लुबचेन्को यांचंच १९७८ मधलं डबक्यांचं काम मला सगळ्यात आवडतं. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर ओहोटीत उरणाऱ्या डबक्यांत शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी असतात. त्यांना मऊ हिरवं शेवाळ आवडतं, आणि डबक्यात जागा बळकावणारंही तेच. गोगलगायी कमी असल्या तर सगळं हिरवं होतं. फार असल्या तर चिवट, बेचव शेवाळच उरतं. मध्यम असल्या तर सगळ्यात जास्त जाती नांदतात. डबक्याबाहेर, उघड्या खडकावर, मात्र गोगलगायी वाढल्या की जाती फक्त कमीच होतात, कारण तिथे जिंकणारं शेवाळ त्यांना नको असतं. आता पुढची कडी पाहा. हिरव्या डबक्यात शेवाळाखाली लहान खेकडे लपतात, सीगल पक्ष्यांना दिसत नाहीत, आणि नव्याने आलेल्या कोवळ्या गोगलगायी खाऊन टाकतात. म्हणून हिरवं डबकं हिरवंच राहतं. शेवाळ राखायला खेकडा, खेकडा राखायला शेवाळ.

महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना असा प्रयोग करायचा असेल, तर सांगतो. वीस सेंटिमीटर बाजूचे चौकोन आखा आणि चार कोपऱ्यांना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवा. तीन प्रकार ठेवा. एकावर पाच-सहा मिलिमीटर भोकांच्या स्टीलच्या जाळीचा पूर्ण पिंजरा, म्हणजे गोगलगायी आणि खेकडे बाहेर. दुसऱ्यावर काहीच नाही. तिसऱ्यावर फक्त छप्पर आणि दोन बाजू. हा तिसरा प्रकार वगळला की अख्खा प्रयोग वाया जातो. जाळीमुळे सावली पडते, ओल टिकते, लाटेचा जोर कमी होतो, आणि नुसत्या त्यानेही शेवाळ वाढतं. अर्धा पिंजरा ही सावली देतो, भक्षकाला मात्र अडवत नाही. त्यामुळे कुणाचा परिणाम किती हे वेगळं काढता येतं. प्रत्येक प्रकाराचे किमान पाच चौकोन, चिठ्ठी टाकून ठरवलेले. जाळीवर शेवाळ धरतं, ते दर पंधरा दिवसांनी ब्रशने घासा. साधं लोखंड गंजून तुटतं, आणि तांबं वापरू नका, ते गोगलगायींना विषारी असतं. दर महिन्याला त्याच उंचीवरून फोटो घ्या. शंभर बिंदूंची जाळी फोटोवर टाकून कुठल्या बिंदूखाली कोण आहे ते मोजा. एवढं करूनही काहीच बदल दिसला नाही, तर त्या मोसमात पिल्लं खडकावर उतरली का ते तपासा. रिकामी जागा केली, पण भरणारे आलेच नाहीत, असं पुष्कळदा होतं.

प्रयोगाला परवानगी लागते. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चं आहे. नरारासारख्या ठिकाणी वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि काही उचलू तर मुळीच नये.

नुसतं पाहायला जाणाऱ्यांनी अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरावेत. तेव्हा उधाण असतं, पाणी सगळ्यात खाली उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची ओहोटी, खालचे पट्टे उघडेच पडत नाहीत. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. द्वारका-ओख्याला दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, तेव्हा तक्ता पाहून खोल ओहोटी निवडा. तिच्या दीड तास आधी उतरा, म्हणजे उतरत्या पाण्यामागे चालत खालपर्यंत जाता येतं. रबरी तळाचे बूट घाला. दगड उलटून पाहिलात तर होता तसाच पालथा ठेवा. खालच्या अंगाला सावलीत राहणारे जीव असतात, ते उन्हात तासाभरात मरतात.

वाटेत भोक पडलेला रिकामा शिंपला सापडला तर हातात घ्या. भोक सरळ नळीसारखं असेल तर ते खडकावरच्या शिकारी गोगलगायीचं. ती आम्ल सोडून कवच मऊ करते आणि कानशीसारख्या जिभेने घासते. असं आलटून पालटून एका शिंपल्यासाठी कधी कधी दिवस न् दिवस चालतं. भोक बाहेर रुंद आणि आत निमुळतं, वाटीसारखं असेल तर ते वाळूत राहणाऱ्या दुसऱ्याच गोगलगायीचं.

पाणी वळलं की खालच्या डबक्यांत पहिली लाट येते. ती दिसताच परत फिरा, आणि चढताना पुन्हा एकेक पट्टा पाहत वर या.