डॉजर्सचं दिवाळं निघालं तेव्हा आपण हसलो

मंडळी, मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. आपल्या जायंट्सच्या केशरी-काळ्या टोप्या बऱ्याच दिसतायत, शेवटच्या रांगेत एक निळी, डॉजर्सची, पण दिसतेय. या हो, पुढे येऊन बसा, आज तुमच्याच टीमबद्दल बोलायचंय आणि अपमान होणार नाही, शब्द देतो.

वेळ कमी पडायची भीती आहे म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. २७ जून २०११ ला लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल टीमने कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकला. त्या दिवशी इकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, म्हणजे जायंट्सच्या गावात, आपण सगळे जाम खूश होतो, ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. माझं म्हणणं असं की जायंट्सच्या दृष्टीने तो वाईट दिवस होता. प्रतिस्पर्ध्याचं दिवाळं निघालं म्हणजे तो मैदानावर पण बसला, हे गणित बेसबॉलमधे चालत नाही, आणि का चालत नाही ते आज सांगायचंय.

जायंट्स-डॉजर्स वैर तुम्हाला नव्याने काय सांगू, दोन्ही टीम न्यूयॉर्कहून १९५८ ला एकदमच इकडे आल्या आणि भांडण पण सोबत घेऊन आल्या. २०१० ला आपण सॅन फ्रान्सिस्कोत आल्यापासूनची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीग या मोठ्या बेसबॉल लीगची फायनल, जिंकलो, त्यानंतरच्या सीझनला समोरच्यांचं हे सगळं चालू, त्यामुळे तेव्हाचा आपला मूड मला समजतो.

आता फ्रँक मकोर्ट. हा माणूस बॉस्टनचा बिल्डर, त्याची मोठी मालमत्ता म्हणजे तिथल्या समुद्रकाठची पार्किंगची जमीन. २००४ ला त्याने टीव्हीच्या फॉक्सवाल्यांकडून डॉजर्स घेतली साधारण ४३ कोटी डॉलरला आणि त्यात रोख पैसा जवळजवळ नाही, सगळं कर्ज, त्यातलं काही तर विकणाऱ्याकडूनच घेतलेलं आणि त्याला तारण ती बॉस्टनची जमीन, जी पुढे त्यांच्याकडेच गेली. मग याने काय केलं, टीम एका कंपनीत, स्टेडियम दुसरीत, भोवतालची जमीन तिसरीत, तिकिटांचं उत्पन्न चौथीत आणि प्रत्येकावर वेगळं कर्ज. इथे फायनान्समधले बरेच लोक बसलेत, तुम्हाला यात बेकायदेशीर काही दिसणार नाही आणि खरंच तसं नव्हतं पण. फक्त त्या कर्जातून आलेला पैसा पिचरवर (बॉल टाकणाऱ्यावर), कोचवर नाही गेला, घरांवर गेला. लॉस एंजेलिसच्या होम्बी हिल्समधे एक घर घेतलं, मग शेजारचं घेतलं, मालिबूला समुद्रावर एक घेतलं, मग त्याच्याही शेजारचं घेतलं. घटस्फोटाच्या कागदपत्रांत दहा कोटी डॉलरच्या वर रक्कम टीमच्या धंद्यातून घरखर्चाकडे गेल्याचं निघालं.

आणि तो घटस्फोट! ऑक्टोबर २००९, डॉजर्स फिलाडेल्फिया फिलीजविरुद्ध लीग चॅम्पियनशिप, म्हणजे सेमीफायनल, खेळतायत, वर्ल्ड सिरीज चार विजयांवर आहे आणि नेमकं सिरीजच्या तोंडावर मालक-मालकीण वेगळे झाल्याची बातमी फुटते. बायको जेमी ही टीमची सीईओ, सिरीज हरल्याबरोबर नवऱ्याने तिला कामावरून काढलं. मग प्रश्न आला टीम कुणाची. २००४ ला दोघांनी मालमत्तेचा करार केला होता, त्याच्या सहा प्रती, सहाही सही केलेल्या. तीन प्रतींप्रमाणे टीम एकट्या फ्रँकची, उरलेल्या तीन प्रतींप्रमाणे नाही. अहो खरंच सांगतोय, हसू नका, देशातले महागडे वकील यावर महिनोन्‌महिने भांडले आणि डिसेंबर २०१० ला जजने तो करारच रद्द ठरवला. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा तलाठी सुद्धा सातबाराची नक्कल दोनदा वाचून घेतो.

याच सुमाराला अजून एक बातमी आली, ती लॉस एंजेलिस टाइम्सने छापली, की मालकांनी एका रशियन वंशाच्या हीलरला पैसे दिले होते, त्याने बॉस्टनजवळ आपल्या घरात टीव्हीवर मॅच बघायची आणि बघताबघता टीमकडे सकारात्मक ऊर्जा पाठवायची. तीन हजार मैलांवरून. यावर जोक्स खूप झाले. मला मात्र राग येतो तो यासाठी, की त्याच वर्षांत हीच टीम पोरं शोधणाऱ्या स्काउटिंगवर हात आखडत होती. तो मुद्दा येतोच पुढे.

आता एक गंभीर गोष्ट, ती टाळून पुढे जाता येणार नाही. ३१ मार्च २०११, सीझनचा पहिला दिवस, डॉजर स्टेडियमच्या पार्किंगमधे सांताक्रूझच्या एका जायंट्स फॅनला दोघांनी इतकं मारलं की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. पॅरामेडिक होता तो, दोन मुलांचा बाप. २०१४ ला ज्युरीने हल्लेखोरांसोबत डॉजर्सनाही जबाबदार धरलं, मकोर्टला व्यक्तिशः नाही पण टीमला. सिक्युरिटी अपुरी होती, दिवे कमी होते, हे त्या फॅनच्या वकिलांचं म्हणणं होतं. मालकाकडे पैसे नसले की पहिली कात्री कुठे लागते ते प्रेक्षकाला दिसत नाही, स्कोअरबोर्डवर तर नाहीच नाही. म्हणून ते हसणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मग एप्रिलमधे पगार द्यायला मकोर्टने फॉक्सकडून तीन कोटींचं स्वतःच्या नावावर कर्ज काढलं, सगळ्या लीगचा प्रमुख असलेल्या कमिशनर बड सीलिगने टीमच्या कारभारावर आपला माणूस बसवला, जूनमधे फॉक्सबरोबरचा टीव्ही करार सीलिगने नाकारला कारण त्यातला बराच पैसा घटस्फोटाकडे वळणार होता, आणि आठवड्याभरात दिवाळखोरी.

टीम ज्यांचे पैसे देणं लागत होती त्या देणेकऱ्यांची यादी कोर्टात आली ती ज्यांनी तेव्हा वाचली असेल त्यांना आठवेल. सगळ्यात वर मॅनी रामिरेझ, जवळजवळ २ कोटी १० लाख डॉलर, तोवर तो डॉजर्सकडे खेळतही नव्हता. त्याखाली अँड्रू जोन्स, १ कोटी १० लाख, त्याला तर २००९ च्या सीझनआधीच काढून टाकलेलं. आपला हुआन उरीबे पण होता यादीत बरं का, २०१० चा आपला हिरो, सीझन संपल्यावर जास्त पैसे मिळाले म्हणून तिकडे गेला आणि सहा महिन्यांत कोर्टाच्या यादीत जाऊन बसला. आणि खाली एक नाव होतं विन स्कली, १,५२,७७८ डॉलर.

विन स्कली! १९५० पासून डॉजर्सचा आवाज, म्हणजे कॉमेंटेटर. ब्रुकलिनपासून. रेडिओवर तो माणूस बोलायला लागला की जायंट्सवाले सुद्धा आवाज मोठा करायचे. त्याचे पैसे थकवले होते. विन लहानपणी न्यूयॉर्कमधे कट्टर जायंट्स फॅन होता. २ ऑक्टोबर १९३६ ला आठ वर्षांचा असताना शाळेतून घरी येताना एका लाँड्रीच्या काचेवर वर्ल्ड सिरीजचा स्कोअर लावलेला, यांकीज १८ जायंट्स ४, आणि त्या पोराला हरलेल्या टीमबद्दल वाईट वाटलं म्हणून तो जायंट्सचा झाला, तो स्वतःच सांगायचा हे. आणि त्याची शेवटची मॅच कुठली? २ ऑक्टोबर २०१६, बरोब्बर ऐंशी वर्षांनी, सॅन फ्रान्सिस्कोत, आपल्या मैदानावर, समोर जायंट्स. २०२२ ला तो गेला त्या रात्री सुद्धा डॉजर्स इथेच खेळत होते आणि आपल्या स्कोअरबोर्डवर त्याला श्रद्धांजली दिली गेली. वैर असं असावं असं मला मनापासून वाटतं.

हो हो, बघितली चिठ्ठी. दहा मिनिटं? पाच? बरं, मग मुख्य मुद्दा भरभर घेतो.

२०११ ला मैदानावर काय झालं बघा. टीम दिवाळखोर, प्रेक्षक सहा लाखांनी घटले, आणि पिचर क्लेटन कर्शॉ २१ मॅच जिंकला ५ हरला, साय यंग, म्हणजे सगळ्यात चांगल्या पिचरचं बक्षीस. मॅट केम्प ३९ होमरन, एमव्हीपीच्या, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात दुसरा. टीम ८२ जिंकली, ७९ हरली. म्हणजे दिवाळखोरीच्या वर्षी टीम जिंकलेल्या बाजूलाच राहिली. कारण कर्शॉ २००६ च्या ड्राफ्टचा, म्हणजे तरुण पोरं निवडतात त्या निवडीचा, केम्प २००३ चा, आज मैदानावर दिसतो तो पाच-आठ वर्षांपूर्वीचा पैसा.

मग पैशाची चणचण कुठे दिसली? जुलै २००८. डॉजर्सना थर्ड बेसमन हवा, क्लीव्हलंडचा केसी ब्लेक मिळतोय, त्याचा उरलेला पगार वीसेक लाख डॉलर. तो पगार आपल्याला द्यायला लागू नये म्हणून डॉजर्सनी बदल्यात कार्लोस सँटाना नावाचा तरुण कॅचर देऊन टाकला, जो पुढे कितीतरी वर्षं मेजर लीगमधे खेळला. मॅनी त्याच महिन्यात बॉस्टनच्या टीमकडून आला, त्याचा उरलेला पगार बॉस्टनने दिला आणि त्या तिहेरी सौद्यात डॉजर्सचे दोन तरुण पोरगे पिट्सबर्गला गेले. २००८, २००९ दोन्ही वर्षं डॉजर्स डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकले, टेबलवर सगळं झकास, आणि आत बियाणं विकून घर चालू होतं. डोमिनिकन रिपब्लिकमधे ज्यांनी १९८७ ला कॅम्पो लास पाल्मासची अकादमी उभी केली, जिथून पेड्रो मार्टिनेझसारखा पिचर आला, त्याच टीमने बाहेरच्या देशांतली पोरं घेणं जवळपास थांबवलं होतं.

आता दिवाळखोरीने काय झालं. आयपीएलमधे डेक्कन चार्जर्सचा मालक बुडाला तेव्हा २०१२ ला टीमच बंद झाली, जागी सनरायझर्स आली. मेजर लीगमधे तसं होत नाही, तीसच टीम, लॉस एंजेलिससारखं शहर आणि टीव्हीचे हक्क रिकामे होणार होते. लिलाव झाला, मार्च २०१२ ला मार्क वॉल्टर, मॅजिक जॉन्सन यांच्या गुगेनहाइम ग्रुपने २०० कोटी डॉलर मोजले. कर्ज फिटलं, सगळ्या देणेकऱ्यांचे पैसे मिळाले, जेमीला तेरा कोटींचं सेटलमेंट आणि मकोर्ट एवढं करून श्रीमंत होऊन बाहेर पडला, पार्किंगच्या जमिनीत वाटा ठेवून. हे मला आजही पचत नाही पण वेळ नाहीये.

आणि टीम? स्वच्छ, मोकळी झाली. कर्ज गेलं, मालक गेला. चार वर्षांपूर्वी वीस लाख वाचवायला कॅचर देणारी टीम ऑगस्ट २०१२ ला बॉस्टनकडून एड्रियन गोन्झालेझ, क्रॉफर्ड, बेकेट हे महागडे खेळाडू घेते आणि २५ कोटींच्या वरचे पगार अंगावर घेते. २०१३ ला टाइम वॉर्नर या केबल कंपनीशी टीव्ही करार, २५ वर्षांचे ८३५ कोटी, ज्यामुळे लॉस एंजेलिसमधल्या कित्येक घरांत २०२० पर्यंत मॅच दिसत नव्हती, स्कलीची शेवटची वर्षं त्यात गेली. पण टीमच्या हातात पैसा आला. २०१३ ते २०२० सलग आठ वर्षं डिव्हिजन. आपण २०१२ आणि २०१४ जिंकलो, मान्य, पण २०२१ ला १०७ मॅच जिंकून सुद्धा त्यांच्याकडूनच पाचव्या मॅचमधे गेलो, आपल्या फ्लोरेसला बॅट फिरवली म्हणून आउट दिलं, ती नव्हतीच फिरली, कुणीही परत बघा. नंतर २०२४, २०२५ लागोपाठ वर्ल्ड सिरीज त्यांच्या.

म्हणजे मकोर्ट अजून दहा वर्षं कसाबसा तग धरून राहिला असता तर आपलं बरं होतं. दिवाळखोरीने त्याला लवकर बाहेर काढलं.

शेवटचं, एकच मिनिट. डॉजर्सच्या स्टार खेळाडूचा, ओहतानीचा, करार ७० कोटींचा, त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मधे द्यायचे. मॅनी २०११ च्या यादीत सगळ्यात वर होता तो अशाच पुढे ढकललेल्या पगारासाठी. फरक इतकाच की आता मालक मजबूत आहे. आणि आपण पण ओहतानीला तसाच करार देऊ केला होता, तो नाही आला. जून २०२५ ला आपण बॉस्टनकडूनच डेव्हर्स हा खेळाडू घेतला आणि त्याचा उरलेला २५ कोटींवरचा करार उचलला, अगदी डॉजर्सनी २०१२ ला केलं तसं. त्या निळ्या टोपीवाल्यांना मी आता विचारणार आहे की २०१२ ला त्यांना तेव्हा कसं वाटलं होतं, माइक द्या त्यांच्याकडे.