ड्रॉइंग शीटमागचं लष्करी गुपित

[दृश्य: ड्रॉइंग बोर्ड, त्यावर सरकणारा ड्राफ्टर]

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष काढलेल्या कुणालाही विचारा, ईडीच्या, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या, शीटांनी किती रात्री खाल्ल्या. मधे एक्स-वाय रेषा, वर फ्रंट व्ह्यू, खाली टॉप व्ह्यू. सबमिशनच्या आदल्या रात्री शिव्या खाणारं हे ड्रॉइंग एकेकाळी फ्रेंच सैन्याचं गुपित होतं.

[दृश्य: फ्रान्सचा नकाशा, म्यूझ नदीकाठचं मेझिएर]

साल १७४८. मेझिएर या किल्लेबंद गावात लष्करी इंजिनिअरांची शाही शाळा निघाली. तोवर किल्ले बांधणारा अधिकारी बहुधा एखाद्या जुन्या इंजिनिअरच्या हाताखालीच घडायचा. इथे गणित होतंच, पण वर्गाबाहेर जमिनीची मोजणी होती, दगड कसा छाटायचा, लाकडाचा सांधा कसा बसवायचा हेही होतं. शिवाय लुटुपुटूचा वेढा! खंदक खणायचे, मोर्चे पुढे सरकवायचे. चार्ल्स कूलोम इथूनच बाहेर पडला आणि मार्टिनिक बेटावर वर्षानुवर्षं किल्ला बांधत राहिला. आपल्या फिजिक्सच्या पुस्तकात विद्युतभारांच्या नियमाला नाव आहे, तोच हा कूलोम. मातीचा दाब भिंतीला कसा ढकलतो, याचं त्याचं गणित त्या बांधकामाच्या अनुभवातून आलं.

प्रवेशाला मात्र घराणं दाखवावं लागे.

[दृश्य: प्लास्टरचे नमुने, हाताने काढलेले नकाशे]

गास्पार मोंझकडे ते नव्हतं. बोन गावच्या फेरीवाल्याचा हा मुलगा. सोळाव्या वर्षी त्याने स्वतःच उपकरणं बनवून गावाचा मोठा नकाशा काढला. तो मेझिएरच्या एका अधिकाऱ्याच्या नजरेस पडला आणि मोंझला शाळेत जागा मिळाली, पण विद्यार्थी म्हणून नाही. ड्रॉइंग काढायचं, नमुने करायचे, अशा खालच्या विभागात. प्लास्टर कालवणाऱ्यांचा म्हणून त्या विभागाला चिडवायचं नावच पडलं होतं, 'गाश'.

एक दिवस त्याच्यापुढे किल्ल्याचं काम आलं. तट किती उंच ठेवला म्हणजे समोरच्या टेकडीवरून आतली माणसं दिसणार नाहीत, तोफेच्या माऱ्यात येणार नाहीत? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १६६५ साली वज्रगड मोगलांच्या हाती पडला आणि तिथून पुरंदरवर तोफा धडधडू लागल्या, तो हाच प्रश्न.

मेझिएरमध्ये यासाठी आकडेमोडीचा डोंगर उपसावा लागे. मोंझने आकडे बाजूला ठेवले आणि भूमितीच्या रेघांनी उत्तर काढून दिलं, तेही इतक्या लवकर की वरिष्ठाने कागद बघायलाच नकार दिला. एवढ्या वेळात आकडेमोड होणंच शक्य नाही, असं त्याचं म्हणणं! अखेर कागद तपासला, उत्तर बरोबर निघालं. मोंझला पुढे तिथेच शिकवायला बसवलं, पण ही रीत शाळेबाहेर सांगायची नाही, अशी ताकीद.

[दृश्य: पॅरिस, व्याख्यानाचं सभागृह]

राज्यक्रांतीने घराण्यांची अट उडवली. १७९४ मध्ये शाळा मेत्झला हलली. पुढच्याच वर्षी मोंझ पॅरिसमध्ये भर सभागृहात आपली डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्री शिकवत होता, म्हणजे घन वस्तू समोरून आणि वरून कशी दिसते ते सपाट कागदावर रेघांनी मांडायची तीच रीत. १८१६ मध्ये क्लॉड क्रोझे या फ्रेंच अधिकाऱ्याने तीच विद्या अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या फळ्यावर नेली.

[दृश्य: मेझिएरची जुनी इमारत]

शाळेची इमारत अजून उभी आहे. आर्देन जिल्ह्याची सरकारी कचेरी आता तिथे भरते.