‘८ मार्च’चा ‘२ नार्च’ का होतो?

नमस्कार मित्रहो. बोलण्याआधी पडद्यावर एक कमांड चालवतो. मजकूर आहे फक्त ‘८ मार्च’. टीआर या अक्षरं बदलणाऱ्या कमांडला सांगतो, ‘म’च्या जागी ‘न’ घाल. उत्तर यायला हवं ‘८ नार्च’. आलंय काय ते बघा: ‘२ नार्च’. आठाला हात लावायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी आठाचे दोन झाले. आणि चूक झाल्याचं सांगणारी एक ओळसुद्धा टर्मिनलवर नाही. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या शांततेची. हिशेबाच्या फाइलीत असं झालं तर कुणाच्या लक्षात येणार?

आता कारण सांगतो. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटांच्या रूपात साठवायची पद्धत. तिच्यात मराठीला लागणारं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांत बसतं. ‘म’ आणि ‘८’ यांचा पहिला बाइट एकच, दुसरा वेगळा, तिसरा पुन्हा एकच. ‘न’ आणि ‘२’ यांचंही नेमकं तसंच. लिनक्सवरचं, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं टीआर अक्षर पाहत नाही, सुटे बाइट पाहतं. ‘म’चा तिसरा बाइट जिथे दिसला तिथे त्याने ‘न’चा तिसरा बाइट ठेवला आणि आठ बिचारा मध्ये सापडला. ही मर्यादा टीआरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली आहे. हेच काम सेड या दुसऱ्या कमांडला सांगा, उत्तर बरोबर येतं. मॅकवरचं टीआरही बरोबर उत्तर देतं, कारण तो कोड युनिक्सच्या वेगळ्या घराण्यातला, बीएसडीचा.

मला हा प्रकार कळला तो एका संस्थेची सभासद यादी छापताना. सर्व्हरवर डेबियन हे लिनक्स होतं. नावाच्या रकान्यासाठी मी ओळीचा तुकडा काढणाऱ्या कट कमांडला ‘सी’ ऑप्शन देऊन पहिली २० अक्षरं मागितली. छापून आलं ‘ज्ञाने’ आणि पुढे एक चौकोन. दोन दिवस मी फॉन्टला दोष देत बसलो. शेवटी ओडी कमांडने बाइट उघडून पाहिले. ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे १० चिन्हं, ३० बाइट. कटने २० बाइट मोजले, सहा चिन्हं पुरी दिली आणि ‘श’चे तीनपैकी दोन बाइट देऊन सुरी फिरवली.

अशा कमांडनी कसं वागावं हे ठरवणाऱ्या पॉसिक्स मानकात ‘बी’ म्हणजे बाइट आणि ‘सी’ म्हणजे अक्षर, असा स्पष्ट भेद आहे. ग्नूच्या कटमध्ये मात्र वर्षानुवर्षं दोन्ही ऑप्शन एकच काम करत आले. मॅन्युअलही ते मान्य करायचं: सध्या दोन्ही सारखेच, पुढे बदलेल. मग कुणी दुरुस्त का केलं नाही? केलं होतं. रेड हॅट आणि सूझा या कंपन्यांनी आपापल्या लिनक्स वितरणांत बहुबाइट अक्षरांसाठी मोठा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, लावला. पण तो मूळ प्रकल्पात, म्हणजे कट, टीआर वगैरे कमांडच्या ग्नू कोअरयुटिल्स या संचात, गेला नाही, बाहेरच वाढत राहिला. २०१३ साली सूझाच्या त्या पॅचमध्ये सुरक्षेचे दोष निघाले. ओळ फार लांब असली की सॉर्ट, युनिक आणि जॉइन या कमांड कोसळू शकत होत्या. मूळ कोडमध्ये ते दोष नव्हते.

तेव्हापासून ‘मेंटेनर लोक, म्हणजे कोड सांभाळणारे, अडवून धरतात’ ही तक्रार मी करत नाही. जिम मेयरिंग, पॉल एगर्ट यांच्यासारखी मोजकी माणसं हा कोड अनेक वर्षं सांभाळत आली आहेत. त्यांच्या जागी उभं राहून बघा. फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून कुठलाही बाइट येऊ शकतो, म्हणजे मजकूर वैध यूटीएफ-८ असेलच याची खात्री नाही. तुटका बाइट आला तर तो टाकायचा, जपायचा की तिथेच थांबायचं? वेग किती घटेल? आणि ‘सी’ म्हणजे बाइट हे गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्टांचं काय? यातल्या एकेका प्रश्नावर महिने जातात, आणि ते जायलाच हवेत.

तुमच्यापैकी ज्यांना या दुरुस्तीत हात घालायचा आहे त्यांनी पॅचने सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. आधी दोष एका ओळीत पकडा. मी चारशे नावांची यादी पाठवली असती तर ती कुणी उघडली नसती. एक शब्द, एक कमांड, काय आलं, काय यायला हवं होतं, लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) कोणतं, आवृत्ती कोणती, एवढं पुरतं. मग तो दोष आपोआप तपासणारी टेस्ट लिहा. आज नापास होते आणि दुरुस्तीनंतर पास होते, अशी टेस्ट हातात असली की मेंटेनरचं अर्धं काम झालं. कोअरयुटिल्समध्ये पंधराएक ओळींपेक्षा मोठा बदल द्यायचा तर परंपरेने कॉपीराइटचे कागदही करावे लागतात. प्रत्येक आवृत्तीच्या बदलांच्या नोंदीत दोष कोणत्या आवृत्तीत शिरला तेही लिहिलेलं असतं आणि काहींपुढे नोंद असते की हा ‘सुरुवातीपासून’ होता. आपली चूक तारखेनिशी लिहून ठेवण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

आणि एक काम असं आहे की ते आपल्यालाच करावं लागेल. डब्ल्यूसी या मोजणाऱ्या कमांडला ‘ज्ञानेश्वर’मधली अक्षरं मोजायला सांगा, ते १० म्हणेल. तुम्ही मी वाचताना चार म्हणू: ज्ञा, ने, श्व, र. सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोड मानकाच्या नियमांतही देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायची तरतूद आली ती २०२३ साली, १५.१ आवृत्तीत. रेव्ह कमांडने ‘मराठी’ उलटं करा, वेलांटी सर्वांत पुढे येऊन लोंबकळते. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्या माणसाला हे पडद्यावर बघून काही चुकलंय असं वाटणारही नाही. त्याला ते आपणच दाखवायला हवं.

चला, लॅपटॉप उघडा. प्रत्येकाने आपलं नाव कट, फोल्ड (लांब ओळ मोडणारी कमांड), रेव्ह आणि टीआरमधून काढून बघा. ज्याचं नाव तुटेल त्याने हात वर करावा, आपण तिथूनच पहिली टेस्ट लिहायला घेऊ.